रेल्वे बोर्डाला खुलं पत्र: जुनी एक तरी गाडी चालती ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी कल्याणचा. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या मुलांना शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त आहे. मागणी एकच आहे, म्हणून आधीच लिहून टाकतो. आयसीएफ, म्हणजे चेन्नईतल्या पेरंबूरच्या कारखान्याच्या जुन्या बनावटीच्या डब्यांचा एक पूर्ण रेक (एका गाडीचे सगळे डबे) आणि दोन प्रकारच्या विजेवर चालण्यासाठी बांधलेलं डब्ल्यूसीएएम-३ जातीचं एक इंजिन भंगारातून वगळा. वगळून चौथऱ्यावर चढवू नका, चालतं ठेवा. तारेखाली, रुळावर, महिन्यातून एकदा का होईना, पण प्रवासी घेऊन घाट चढेल असं.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. जुने डबे सेवेतून काढू नका, असं मी म्हणत नाही. ते काढलेच पाहिजेत. स्क्रू कपलिंगने जोडलेले डबे अपघातात एकमेकांवर कसे चढतात, ते या देशाने अनेकदा पाहिलंय आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. त्यांच्या जागी आलेल्या एलएचबी या जर्मन बनावटीच्या डब्यांचं मधलं कपलिंग हे चढणं रोखण्यासाठीच तसं केलेलं आहे. त्यांचे डिस्क ब्रेक चांगले, स्टेनलेस स्टीलमुळे गंज कमी, डबा दोन मीटरहून जास्त लांब, त्यामुळे स्लीपरला ७२ च्या जागी ८० बर्थ. माझ्या नातवंडांनी एलएचबीतूनच प्रवास करावा, असं मला मनापासून वाटतं. आयसीएफच्या साच्यातला शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये पेरंबूरहून बाहेर पडला, तो निर्णयही योग्यच होता.

पण सेवेतून काढणं आणि जगातून नाहीसं करणं यांत फरक आहे. माझं सगळं म्हणणं त्या फरकापुरतंच आहे.

हा डबा काय होता, ते आठवून पाहा. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी पेरंबूरच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. आराखडा स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेनच्या कंपनीचा. त्याआधीच्या बहुतेक डब्यांचं अंग लाकडी असे आणि ते लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं असे. अपघातात लाकूड चिरफाळायचं आणि एक डबा दुसऱ्यात घुसायचा. पेरंबूरच्या डब्यात छत, भिंती आणि तळ मिळून पोलादाचं एकच कवच झालं आणि सगळा भार त्या कवचाने उचलला. म्हणजे आज ज्याला आपण असुरक्षित म्हणून निरोप देतोय, तो डबा सुरक्षिततेसाठीच जन्माला आला होता. पुढची सहा दशकं या देशातलं बहुतेक माणूस त्यातूनच हललं. नोकरीला, लग्नाला, वारीला, परीक्षेला, दवाखान्याला. गावाकडून शहरात आलेल्या कितीतरी घरांचा पहिला प्रवास याच डब्यातला आहे.

तुमच्यापैकी अनेकजण यांत्रिक विभागातून वर आले असतील, तुम्हाला हे सगळं पाठ आहे. वाचकांसाठी लिहितो. जुन्या डब्याच्या पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बांधल्याचं वर्ष. हे एकदा कळलं की फलाटावर उभं राहून गाडीचं वय वाचता येतं. एकाच गाडीत ९४ चा डबा ९९ च्या शेजारी आणि त्याच्या मागे ०७ चा. वर्गात मुलांना मी हे सांगायचो आणि पुढच्या आठवड्यात ती येताना गाडीतल्या डब्यांची वयं लिहून आणायची. खिडकीचे आडवे गज, वर सरकवून खटक्यावर अडकवायची झडप, मधल्या बर्थच्या साखळ्या, दोन डब्यांमधल्या जागेतला तो लोखंडी पत्र्यांचा खडखडाट. विनाएसी पहिला वर्ग तर जवळजवळ गेलाच. दोघांसाठीचा कूपे, सरकतं दार, आत लावायची कडी. आजच्या विशीतल्या मुलांना कूपे म्हणजे काय, ते शब्दांनी समजावून सांगावं लागतं.

आणि कपलिंग. दोन डबे जोडताना कधी जवळून पाहिलंत? पॉइंट्समन वाकून बफरखालून (डब्याच्या टोकाला धक्का झेलणारे दोन लोखंडी गोल, ते बफर) आत शिरतो. दोन्ही बाजूंनी लोखंडी बफर, मध्ये जेमतेम माणूस उभा राहील एवढी जागा. समोरच्या डब्याची जड कडी तो दोन्ही हातांनी उचलतो, आपल्या बाजूच्या हूकवर टाकतो आणि मग मधला स्क्रू दांड्याने फिरवत जातो. बफर एकमेकांना टेकतात, स्प्रिंगा दबतात, ढिलाई निघते. त्यानंतर ब्रेकचे पाईप जोडायचे, कॉक उघडायचे, हवेचा फुस्स आवाज ऐकायचा आणि वाकूनच बाहेर यायचं. हे धोक्याचं काम होतं. त्यात माणसं गेली आहेत. आता मधलं कपलिंग डबे टेकले की आपोआप अडकतं आणि त्या माणसाला बफरांमध्ये शिरावं लागत नाही, याचं मला समाधान आहे. पण दीडशे वर्षं भारतातली लांब पल्ल्याची जवळपास प्रत्येक प्रवासी गाडी अशा माणसाच्या हातांनी जोडली गेली, हे पुढच्या पिढीला दिसायला नको का? फोटोत ते दिसत नाही. वजन फोटोत येत नाही.

आता इंजिनाकडे येतो, कारण माझा जीव तिथे जास्त अडकलाय.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी गेली. १,५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. १९२९ मध्ये तारा घाट चढून पुण्याला पोचल्या आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. भोर घाट आणि थळ घाट, दोन्हीकडे चढ १:३७, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. मुख्य मार्गावर एवढा चढ देशात फार थोड्या ठिकाणी आहे. त्या चढासाठी जी इंजिनं आणली गेली ती विजेच्या इंजिनांच्या इतिहासातली मोठी नावं आहेत. मालगाडीचं डब्ल्यूसीजी-१, म्हणजे आपला 'खेकडा'. दोन्ही टोकांना लांब नाकाडं, त्यांच्याखाली तीन-तीन जोड्या चाकं, आणि मोटारीची ताकद वाफेच्या इंजिनासारख्या आडव्या दांड्यांनी चाकांना पोचवलेली. घाट उतरताना त्याच्या मोटारी जनित्रासारख्या चालायच्या आणि वीज तारेत परत जायची. आज तीन फेजच्या इंजिनांची माहिती देताना आपण विजेच्या या बचतीबद्दल अभिमानाने सांगतो. खेकडा हे काम १९२८ पासून आपल्या घाटात करत होता. त्यातला एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे. मुलं त्याला हात लावून बघतात, हे चांगलंच आहे. पण त्याचे दांडे फिरताना कसे दिसतात, ते पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील.

१४ ऑक्टोबर १९६१ रोजी चित्तरंजनच्या कारखान्यातून देशात बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन बाहेर आलं. त्याला नाव दिलं 'लोकमान्य'. तेही डीसीच होतं. म्हणजे या देशाने स्वतःच्या हाताने विजेचं इंजिन बांधायला सुरुवात केली ती मुंबई-पुण्याच्या तारांसाठी.

पुढे देशभर २५,००० व्होल्टचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह आला आणि मुंबईचा पट्टा डीसीचं बेट बनून राहिला. इगतपुरीला तार बदलायची, म्हणून इंजिनही बदलायचं. गाडी थांबायची, एक इंजिन सुटायचं, दुसरं लागायचं. त्यावर उपाय म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं केली. पश्चिम रेल्वेसाठी डब्ल्यूसीएएम-१, नंतर भेलने बांधलेली डब्ल्यूसीएएम-२, आणि १९९७-९८ च्या सुमारास कल्याण शेडसाठी डब्ल्यूसीएएम-३. या इंजिनाबद्दल फार कोणी लिहीत नाही. ना त्याला नाव, ना त्याच्यावर गाणी. दिसायला साधी पेटी. पण विजेच्या शिक्षकाच्या नजरेतून सांगतो, आत एकाच छताखाली दोन जमाने नांदतात.

एसी तारेखाली असताना ट्रान्सफॉर्मर, त्याचा व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारा टॅप चेंजर आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर कामाला लागतात. एकेक नॉच (ताकदीची पायरी) वाढवावा तसा व्होल्टेज वाढत जातो. डीसी तारेखाली ट्रान्सफॉर्मरचा काही उपयोग नाही. मग तेच इंजिन शंभर वर्षांपूर्वीची पद्धत वापरतं. आधी सहाही मोटारी एका ओळीत, सोबत प्रवाह आवरणारे रोधक (रेझिस्टर). वेग वाढला की रोधक एकेक करून गळतात. मग मोटारींची मांडणी बदलते, तीन-तीनच्या दोन रांगा. पुन्हा रोधक, पुन्हा गळती. शेवटी दोन-दोनच्या तीन रांगा. फळ्यावर ही आकृती मी वर्षानुवर्षं काढली. मुलं ती उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि विसरायची. ज्या मुलांनी मात्र जुन्या डीसी लोकलच्या मोटर डब्यात बसून गाडी सुटताना पायाखालून येणारी 'खट... खट... खट' ऐकली होती, त्यांना एकदाच सांगावं लागायचं. तो आवाज म्हणजेच गळणारे रोधक. आकृती त्यांच्या पायांना आधीच माहीत होती.

२०१६ च्या एप्रिलमध्ये तो आवाज संपला. जिथे डीसी पहिल्यांदा आली त्या हार्बर मार्गावरच ती शेवटी बंद झाली. बदल गरजेचाच होता. १,५०० व्होल्टवर तेवढीच ताकद पोचवायला जवळपास सतरापट प्रवाह लागतो, म्हणून तारा जाड, सबस्टेशनं दर काही किलोमीटरवर, गळती जास्त. एसीमुळे गाड्या वाढवता आल्या, वीज वाचली. डीसी गेल्यावर दुहेरी इंजिनांमधला डीसीचा भाग निकामी ठरला आणि ती नुसत्या एसीवर चालत राहिली. आता त्यांची वयं झाली आहेत. नवी तीन फेजची इंजिनं त्यांची जागा घेत आहेत. काही वर्षांत शेवटचं डब्ल्यूसीएएम-३ लिलावाच्या यादीत येईल, आणि त्या यादीत ते टनांत मोजलेलं असेल.

तुमच्याकडे हेरिटेज विभाग आहे, दिल्लीत १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, तरी हे पत्र का लिहावं लागतं, ते सांगतो.

एका मोठ्या स्थानकाबाहेर एक जुनं इंजिन चौथऱ्यावर ठेवलंय. स्थानकाचं नाव लिहीत नाही, कारण अशी दुसरी स्थानकंही आहेत आणि दोष तिथल्या कुणा एका माणसाचा नाही. मी त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारली. कारखान्याच्या नावाची पितळी पाटी होती तिथे फक्त चार भोकं. बाकीच्या पाट्यांवर इतक्या वेळा रंग चढलाय की अक्षरं बुजून गेली आहेत. दार वेल्डिंगने बंद. पँटोग्राफ (छतावरची, तारेतून वीज घेणारी चौकट) खाली बसवून पक्का केलेला, त्याची एक पट्टी वाकलेली. वर छप्पर नाही, आणि पाऊस म्हणजे आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस. चाकांच्या सांगाड्याच्या कोपऱ्यात माती साठून तिथे पिंपळ उगवलाय. माहितीच्या फलकावर इंजिनाचा प्रकार आणि वजन एवढंच. ते कुठे चाललं, कोणती गाडी ओढली, कोणी चालवलं, याचं अक्षर नाही. एक बाप आपल्या लहान मुलीला घेऊन तिथे आला होता. तिने विचारलं, "बाबा, हे कसं चालायचं?" त्याने फलक वाचला, इंजिनाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चल, गाडी यायची वेळ झाली."

त्या बापाकडे उत्तर नव्हतं यात त्याची काही चूक नाही. थांबलेलं यंत्र त्या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. देऊळ, किल्ला, राजवाडा यांना जागेवर जपलं तर ते जपले जातात. सीएसएमटीची इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे, तिचा दगड साफ होतो, कोरीव काम दुरुस्त होतं, आणि ती आहे तिथे उभी राहून आपली गोष्ट सांगते. इंजिनाची गोष्ट त्याच्या हालचालीत असते. म्हणून मी चालतं ठेवा म्हणतोय.

तुम्ही हे करू शकता, याची साक्ष तुमच्याच घरात आहे. १८५५ सालची 'फेअरी क्वीन' तुम्ही १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आणली आणि ती नियमित चालणारं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनेस बुकात गेली. रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं चालत्या स्थितीत आहेत. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तिन्ही डोंगरी गाड्या जागतिक वारशात आहेत. वाफेवर तुमचं प्रेम आहे आणि ते दिसतं. विजेच्या इंजिनाला आणि निळ्या डब्याला तसं प्रेम मिळालेलं नाही, कारण ती अजून आपल्या डोळ्यांसमोर आहेत आणि साधी वाटतात. वाफेचं इंजिनही एके काळी साधंच होतं. रोज धूर सोडायचं, कपडे काळे करायचं. डिसेंबर १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफ संपली आणि मग ते सुंदर वाटू लागलं. तोवर बहुतेक इंजिनं कापून झाली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान तर त्याच्या कितीतरी आधी गेली. देशातली पहिली प्रवासी गाडी ओढणारी तीन इंजिनं, आणि त्यातलं एकही आज आपल्याकडे नाही. त्या काळच्या साहेबांना ती जुनी झालेली तीन इंजिनंच वाटली असणार.

आता अडचणींकडे. त्या तुम्ही मांडालच, म्हणून मीच मांडतो.

पहिली, डीसीची तार उरलेली नाही. खरं आहे. पण डब्ल्यूसीएएम-३ आजही एसीखाली चालतं, त्यामुळे त्याला गाडी ओढायला काहीच अडचण नाही. त्याच्यातला डीसीचा भाग दाखवायचा असेल तर कल्याण शेडच्या आवारात दोन-तीनशे मीटरची एक साइडिंग, म्हणजे बाजूचा रूळ पुरे. एक ट्रान्सफॉर्मर, एक रेक्टिफायर, वर १,५०० व्होल्टची तार, बाहेर कुंपण आणि बाकी मार्गापासून पूर्ण विलग. माणसाच्या चालण्याच्या वेगाने इंजिन पुढे-मागे न्यायला लागणारी ताकद थोडी असते. हे काम रेल्वेच्या विद्युत विभागाला अवघड नाही, असं मी जबाबदारीने लिहितोय. त्याच साइडिंगवर पुढेमागे एखादं निव्वळ डीसीचं जुनं इंजिन किंवा लोकलचा मोटर डबाही हलवता येईल.

दुसरी अडचण सुट्या भागांची. इथे वेळेला महत्त्व आहे, आणि म्हणूनच पत्र आज लिहितोय. याच जातीची बाकीची इंजिनं निकामी होऊन लिलावाला निघतील, तेव्हा त्यांच्या पोटातच पुढच्या पन्नास वर्षांचे भाग आहेत. मोटारी, कॉन्टॅक्टर, रोधकांच्या चौकटी, पँटोग्राफ, चाकांच्या जोड्या. लिलावाआधी ते काढून, खुणा करून, कोरड्या जागेत ठेवले तर खर्च नगण्य आहे. तेच भाग नंतर नव्याने बनवायचे म्हटलं तर कोणी बनवून देणार नाही. शून्य भंगाराच्या मोहिमेला माझा पाठिंबा आहे, रुळांच्या कडेला गंजत पडलेला माल उचललाच पाहिजे. फक्त कटर चालण्याआधी एका जाणत्या माणसाने ती यादी वाचावी.

तिसरी, डब्यांच्या सुरक्षिततेची. याचं उत्तर आयसीएफच्या वयातच आहे. या डब्याचं ठरलेलं आयुष्य पंचवीस वर्षं. २०१७-१८ मध्ये बांधलेल्या डब्यांची पंचविशी २०४२-४३ ला भरते. म्हणजे म्हातारे डबे शोधून त्यांची डागडुजी करत बसायची गरज नाही. सगळ्यात तरुण डबे निवडा. ते चांगल्या अवस्थेत मिळतील. वेग मर्यादित ठेवा, फेऱ्या मोजक्या ठेवा, दिवसा चालवा.

मात्र रेक पूर्ण हवा. एखादा डबा जपून भागत नाही. सामान्य वर्ग, स्लीपर, एसी टू टिअर, खुर्चीयान, पँट्री, विनाएसी पहिल्या वर्गाचा एखादा सापडेल तिथून, आणि दोन्ही टोकांना गार्डचा डबा. आजकाल त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण त्या डब्यात बसायचे ते गार्ड. सामान्य वर्ग तर आधी निवडा. संग्रहालयांत महाराजांची सलून असतात, व्हाइसरॉयचे डबे असतात, त्यांची चकाकी पाहायला लोक जातात. या देशातलं बहुसंख्य माणूस ज्या लाकडी बाकावर, दारात, पिशवीवर बसून गेलं, तो डबा मात्र कोणी ठेवत नाही. तो ठेवलात तर तुमच्या संग्रहात पहिल्यांदा आम्ही येऊ.

रंग विटकरी तांबडा असावा. नव्वदच्या दशकात निळा येईपर्यंत तोच होता आणि माझ्या पिढीला आगगाडी म्हटलं की तोच आठवतो. निळ्याच्या बाजूने बोलणारेही खूप भेटतील. अर्धा रेक तांबडा आणि अर्धा निळा केलात तरी माझी हरकत नाही.

जुन्या डब्यांची स्थानकाबाहेर उपाहारगृहं होतात, काहींच्या खिडक्या पक्क्या बंद करून मोटारगाड्या वाहायचे डबे केले जातात. दोन्ही चांगलेच उपयोग आहेत, लोखंड वाया जाण्यापेक्षा कधीही बरे. पण बाक काढून टेबलं मांडली की तो डबा राहत नाही. त्याला जपणूक म्हणू नये, एवढंच.

यंत्रांइतकीच निकड माणसांची आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे घाटात गाडी मागून ढकलणारी इंजिनं लागायची, आजही लागतात. पण डीसीचे बँकर पुढच्या इंजिनाच्या तालात कसे चालवायचे, पावसात चाकं घसरू लागली की नॉच किती आणि कधी सोडायचा, उतारावर वीज तारेत परत जात असताना समोरून ती घेणारी गाडी नसेल तर काय व्हायचं, हे पुस्तकात अर्धवट आहे आणि माणसांच्या डोक्यात पूर्ण. ही माणसं कल्याण, कर्जत, इगतपुरी, लोणावळ्याला आपापल्या घरी आहेत. सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. माझ्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त फिटरना मी विचारलं, जुनं इंजिन शेडमध्ये आलं की आधी काय बघायचात? ते म्हणाले, "बघायचो कुठे, आधी वास घ्यायचो. जळका वास कुठून येतोय ते कळलं की निम्मं काम झालं." मग त्यांनी बोटं मोजत सांगितलं, रोधक तापल्याचा वास वेगळा, मोटारीच्या गुंडाळीचा वेगळा, ब्रेकच्या ठोकळ्यांचा वेगळा. हे कुठे लिहिलेलं आहे? एक कॅमेरा, एक विचारणारा आणि काही महिने दिलेत तर हे सगळं टिपता येईल. चालती गाडी ठेवलीत तर या माणसांना नव्या मुलांसमोर उभंही करता येईल. चालवायला शिकवणारा हयात असतानाच शिकणारा हवा.

तुम्ही लोकांचं ऐकता, याचा अनुभव आम्हाला आहे. दख्खनच्या राणीचा रेक २२ जून २०२२ पासून एलएचबीचा झाला. त्याआधी सगळ्यांना धाकधूक होती की नव्या गाडीत डायनिंग कार जाणार. ती गेली नाही. उलट ३२ च्या जागी ४० जणांची सोय असलेली नवी डायनिंग कार बांधलीत. चालत्या गाडीत टेबलावर बसून खाण्याची सोय या गाडीने नव्वद वर्षं जपली होती, आणि तुम्ही ती फायद्या-तोट्याच्या वहीत न तोलता राखलीत. त्याच गाडीचा वाढदिवस प्रवासी दर वर्षी १ जूनला पुणे स्थानकावर केक कापून साजरा करतात. गाडीचा वाढदिवस करणारी माणसं जिथे आहेत, तिथे महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्या जुन्या गाडीला प्रवासी मिळणार नाहीत, ही भीती बाळगू नका. तिकीट थोडं जास्त ठेवा. शाळा-कॉलेजांसाठी एक डबा राखीव ठेवा. मार्ग सीएसएमटी ते पुणे ठेवलात तर उत्तम, नाही तर कल्याण ते इगतपुरीही चालेल, दोन्हीकडे घाट आहे.

या पत्रावर तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. मध्य रेल्वेतल्या उरलेल्या डब्ल्यूसीएएम-२ आणि डब्ल्यूसीएएम-३ इंजिनांपैकी जपायची कोणती, त्यांचे क्रमांक जाहीर करा. आयसीएफ डब्यांच्या एका रेकची निवड होईपर्यंत २०१५ नंतर बांधलेले डबे रूपांतराला किंवा लिलावाला पाठवू नका. आणि लिलावाआधी यादी तपासणाऱ्या समितीत शेडमधले निवृत्त फिटर आणि लोको पायलट घ्या, निव्वळ अधिकारी नकोत.

शेडमध्ये रविवारी येऊन भागांना खुणा करणं, जुनी रेखाचित्रं लावून ठेवणं, मुलांना माहिती सांगणं, जे सांगाल ते विनामोबदला करायला मी तयार आहे. माझे काही जुने विद्यार्थी आज रेल्वेतच आहेत, काही खासगी कंपन्यांत, तेही येतील असं त्यांनी मला सांगितलंय. परवानगीचा कागद तेवढा तुमच्याकडून यायला हवा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कल्याणचा एक प्रवासी
(निवृत्त अधिव्याख्याता, विद्युत अभियांत्रिकी)